गोळ्यांच्या टप्प्यात रुग्णवाहिका नेणारा सर्जन

वस्तीत दोन गटांत मारामारी झाली आहे. कोयता चालला आहे, कुणीतरी रस्त्यावर पडले आहे. १०८ क्रमांकावर फोन जातो, रुग्णवाहिका निघते, पण वस्तीच्या अलीकडच्या चौकात येऊन थांबते. पोलीस आल्याशिवाय आत जात नाही. जमलेले लोक चिडतात. गाडीच्या पत्र्यावर थापा मारतात. तिकडे माणूस मरायला टेकला आहे आणि हे इथे गाडी लावून उभे, असे त्यांना वाटते. गाडीतल्या डॉक्टरलाही आतून तेच टोचत असते. मात्र आत कोयता अजून कुणाच्या हातात आहे, हे त्याला ठाऊक नसते.

लवकर पोहोचायचे की आधी स्वतः सुरक्षित राहायचे? रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पडणारा हा प्रश्न सव्वादोनशे वर्षे जुना आहे. तो सर्वांत आधी ज्यांनी नीट सोडवायला घेतला, त्यांच्यातले मोठे नाव म्हणजे फ्रेंच सर्जन दोमिनिक ज्याँ लारे. नेपोलियनच्या सैन्याचा हा सर्जन. आज आपण ज्या गाडीला रुग्णवाहिका म्हणतो तिची कल्पना, आणि गंभीर रुग्ण आधी हा तातडीच्या उपचारांचा नियम, या दोन्हींचा उगम सांगताना लारेचे नाव टाळता येत नाही.

चांभाराचा मुलगा

लारेचा जन्म ८ जुलै १७६६ रोजी फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरिनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बोदेआँ या खेड्यात झाला. वडील जोडे शिवण्याचे काम करत. ते लवकर वारले. तेरा वर्षांचा असताना तो तुलूझ शहरात काकांकडे पायी चालत गेला. काका अलेक्सी तिथल्या रुग्णालयात मुख्य सर्जन होते. त्यांच्या हाताखाली सहा वर्षे उमेदवारी करून तो शस्त्रक्रिया शिकला.

१७८७ मध्ये तो पॅरिसला आला. पुढे नौदलाच्या जहाजावर सर्जन म्हणून त्याने न्यूफाउंडलंडपर्यंत सफर केली. पण त्याला बोट लागायची, समुद्र काही मानवला नाही. परत येऊन त्याने पॅरिसच्या ओतेल-दिय्य रुग्णालयात देसॉ या नामवंत सर्जनकडे शिक्षण पुढे चालू ठेवले. तोवर फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली होती. रस्त्यांवर दंगली होत होत्या आणि जखमी माणसे रुग्णालयात येत होती. १७९२ मध्ये युद्ध पेटले आणि सव्वीस वर्षांचा लारे राइन नदीच्या आघाडीवरच्या सैन्यात दाखल झाला.

एका कोसाचा नियम

तिथे त्याने जे पाहिले त्याने तो अस्वस्थ झाला. त्या काळी सैन्याच्या रुग्णवाहिका, म्हणजे सर्जन, औषधे आणि सामान यांचा जड गाड्यांचा ताफा, लढाईच्या जागेपासून साधारण एक फ्रेंच कोस मागे ठेवायचा असा नियम होता. आजच्या मापात चार-पाच किलोमीटर. लढाई संपली की मग ताफा पुढे यायचा आणि जखमी गोळा करायचा. रस्ता तोफखान्याने आणि सामानाच्या गाड्यांनी तुंबलेला असे. जखमीपर्यंत पोहोचायला चोवीस तास, कधी त्याहून अधिक वेळ जाई. तोपर्यंत बरेच जण जागीच मरत.

या नियमाला आपण सहज क्रूर म्हणू, पण तो अगदी अविचाराने केलेला नव्हता. सर्जन मोजके असत. एक सर्जन मेला तर पुढे शेकडो जखमींना कुणी वाली राहात नसे. जड गाडी गोळीबारात अडकली तर ती परत आणणे शक्य नसे. त्यामुळे माणसे आणि सामान वाचवायचे तर ते दूर ठेवा, इतका सरळ हिशेब त्यामागे होता. चौकात थांबलेल्या आपल्या गाडीचा हिशेबही मुळात हाच आहे.

लारेचे म्हणणे असे की हा हिशेब अर्धाच मांडला गेला आहे. वेळ गेल्याने जे मरतात ते त्यात धरलेलेच नाहीत. मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने मरतो. जो वाचतो त्याच्या जखमेत गोळीबरोबर कपड्याचे तुकडे, माती, घाण गेलेली असते. जंतूंमुळे जखमा चिघळतात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. पाश्चर आणि लिस्टर यांचे काम पुढच्या पिढीतले. तरीही अनुभवाने लारेला एक गोष्ट कळली होती. चिंधड्या झालेला हात किंवा पाय पहिल्या काही तासांत कापला तर माणूस जगण्याची शक्यता बरीच जास्त असते. ताप आणि सूज चढल्यावर केलेली तीच शस्त्रक्रिया जीव घेते. म्हणजे शस्त्रक्रियेच्या यशात सर्जनच्या हाताइतकाच घड्याळाचाही वाटा होता.

तोफखान्याकडून शिकलेली गोष्ट

मग पुढे जायचे कसे? नुसते धाडस दाखवून भागणार नव्हते. लारेने उत्तर शोधले ते तोफखान्यात. फ्रेंच सैन्यात तेव्हा घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफा होत्या. त्या झपाट्याने पुढे येत, मारा करत आणि शत्रूने नेम धरण्याआधी जागा बदलत. त्यांना उडता तोफखाना म्हणत. जड तोफ जागची हलत नाही म्हणून सापडते; हलकी तोफ वेगामुळे वाचते. रुग्णवाहिकाही तशीच हलकी आणि चपळ केली तर ती आत जाईल आणि तितक्याच वेगाने बाहेरही येईल, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने वरिष्ठांकडे योजना मांडली आणि तिला परवानगी मिळाली. या गाड्यांना उडती रुग्णवाहिका हे नाव पडले.

१७९७ मध्ये इटलीच्या मोहिमेत या योजनेला पूर्ण रूप आले. सुमारे ३४० माणसांचे एक दल, त्याच्या तीन तुकड्या, आणि प्रत्येक तुकडीला बारा हलक्या व चार जड गाड्या अशी रचना होती. हलक्या गाड्यांतही दोन प्रकार होते. सपाट मुलखासाठी दोन चाकांची, दोन घोड्यांची गाडी; तिच्यात दोन जखमी आडवे झोपवता येत. डोंगराळ मुलखासाठी चार चाकांची मोठी गाडी. गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर टांगलेला, आतल्या बाजू गादीसारख्या मऊ केलेल्या, हवेसाठी खिडक्या. तळाशी छोट्या रुळांवर सरकणारी गादी होती. ती बाहेर ओढायची, जखमीला तिच्यावर ठेवायचे आणि आत ढकलायचे. आजच्या रुग्णवाहिकेतले चाकांचे स्ट्रेचर असेच आत सरकते.

ही सोय केवळ जखमीच्या आरामासाठी नव्हती. गोळीबाराच्या टप्प्यात गाडी जितका कमी वेळ उभी राहील तितके सगळेच सुरक्षित. जखमीला उचलून नीट ठेवायला दोन मिनिटांऐवजी अर्धे मिनिट लागले, तर तो दीड मिनिटाचा फरक त्याला उचलणाऱ्या माणसांच्या जिवाचाही असतो. घोड्यावरचे सर्जन, पायी चालणारे मदतनीस, सामान सांभाळणारे, घोड्यांची निगा राखणारे, अशी प्रत्येकाची कामे ठरलेली होती. आयत्या वेळी गोंधळ नको, हा त्यामागचा हेतू.

लारेचा समकालीन सर्जन पर्सी यानेही याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले होते. त्याने सॉसेजसारखी लांबोडकी गाडी केली. तिच्यावर सर्जन घोड्यावर बसल्यासारखे ओळीने बसून जखमींपर्यंत जात. पर्सीची गाडी सर्जनला आत नेई, लारेची गाडी जखमीला बाहेर आणी. पुढे जगाने लारेची रीत उचलली. धोक्याच्या जागी थांबून उपचार करण्यापेक्षा रक्त थांबवून रुग्णाला तिथून हलवणे बरे, हे तत्त्व आजही तसेच आहे.

हुद्दा नव्हे, जखम पाहा

१७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा लारे बरोबर होता. वाळूत गाड्यांची चाके रुतत. लारेने उंट घेतले आणि त्यांच्या दोन्ही अंगांना एकेक लांब पेटारा बांधला. एका पेटाऱ्यात एक जखमी आडवा मावे. मुलूख बदलला की वाहन बदलायचे, यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. त्या मोहिमेत सैन्याला प्लेगनेही गाठले आणि वैद्यकीय पथकातलेही अनेक जण दगावले. जखमींची सेवा करणाऱ्याला धोका फक्त गोळीचा नसतो, हेही तिथे दिसले.

लारेची दुसरी मोठी देणगी म्हणजे जखमींचा क्रम. तोवर अधिकाऱ्याला आधी आणि साध्या शिपायाला नंतर पाहण्याची रीत होती. लारेने ती मोडली. ज्याची जखम सर्वांत धोक्याची, त्याला सर्वांत आधी हात लावायचा. हुद्दा कोणता हे पाहायचे नाही. किरकोळ जखमा असलेल्यांनी थांबायचे. शत्रूचा सैनिक असला तरी क्रम जखमेवरूनच ठरणार. आजच्या रुग्णालयांत तातडीच्या विभागात रुग्णांची जी वर्गवारी करतात तिला ट्रायज म्हणतात. तो शब्द निवडणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. त्यामागचा विचार लारेच्या पथकांनी रणांगणावर रोज पाळलेला होता.

८ फेब्रुवारी १८०७ रोजी पूर्व प्रशियातल्या आयलाऊ गावाजवळ रशियन सैन्याशी घनघोर लढाई झाली. बर्फ पडत होते, पारा शून्याच्या बराच खाली गेला होता. लारेने गावाच्या तोंडाशी काही कोठारांत जखमी आणून शस्त्रक्रिया सुरू केल्या. थंडीने मदतनिसांच्या हातातून हत्यारे गळून पडत होती. मध्येच रशियन तुकड्या त्या बाजूला सरकल्या. ज्यांना चालता येत होते असे जखमी घाबरून पळू लागले. जे पडून होते त्यांना तेही शक्य नव्हते. लारे आणि त्याचे सहकारी जागेवरून हलले नाहीत. आपण रुग्णांना सोडून जाणार नाही असे त्याने सर्वांना सांगितले. नंतर फ्रेंच घोडदळाने चढाई करून तो धोका परतवला.

या प्रसंगाकडे नीट पाहायला हवे. लारे धाडसी होता यात शंका नाही, पण त्या दिवशी त्याला वाचवले ते घोडदळाने. वैद्यकीय पथकाच्या पाठीशी कुणीतरी हत्यारबंद उभा असला तरच पथकाला काम करता येते. आज ते काम पोलिसांचे आहे.

आयलाऊलाच त्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. कडाक्याच्या थंडीने बधिर झालेला पाय कापताना सैनिकांना वेदना फारशा होत नव्हत्या. भूल देण्यासाठी ईथरचा वापर जाहीरपणे झाला तो १८४६ मध्ये, म्हणजे लारेच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. तोवर सर्जनकडे रुग्णासाठी एकच दया होती, हाताचा वेग.

माणसांच्या हातांवरून नदीपार

१८०९ मध्ये डॅन्यूब नदीवरच्या लढाईत नेपोलियनचा जवळचा मित्र मार्शल लान याच्या पायांवर तोफगोळा आदळला. लारेने त्याचा पाय कापला, पण लान वाचला नाही. त्याच सुमारास लोबाऊ बेटावर हजारो जखमी अडकले होते आणि खायला काही नव्हते. लारेने घोडे मारून त्यांच्या मांसाचा रस्सा करायला लावला. भांडी नव्हती, म्हणून घोडेस्वारांची लोखंडी छातीची चिलखते उलटी करून त्यांत तो शिजवला गेला. अधिकाऱ्यांचे घोडे मारले म्हणून तक्रारी झाल्या, पण त्याने पर्वा केली नाही. त्याच वर्षी त्याला बॅरन हा किताब मिळाला.

१८१२ च्या रशिया मोहिमेत बोरोदिनोच्या लढाईनंतर त्याने एका दिवसात सुमारे २०० अवयव छाटण्याच्या शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. मग मॉस्कोहून ती कुप्रसिद्ध माघार सुरू झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस बेरेझिना नदीवर घाईने उभारलेल्या लाकडी पुलांवर हजारो माणसे एकदम लोटली. लारे एकदा पलीकडे पोहोचला होता, पण शस्त्रक्रियेचे सामान मागे राहिले म्हणून तो परत फिरला आणि गर्दीत सापडला. मागून तोफा डागल्या जात होत्या. माणसे एकमेकांना तुडवून पुढे जात होती, नदीत ढकलली जात होती. अशा वेळी कुणीतरी त्याला ओळखले. त्याचे नाव गर्दीत पसरले आणि सैनिकांनी त्याला उचलून हातांवरून हातांवर देत पुलापलीकडे पोहोचवले. जी गर्दी आपल्या सेनापतींना वाट देत नव्हती तिने या सर्जनला वाट दिली.

हे कशामुळे घडले? वीस वर्षे त्याने शिपायाला अधिकाऱ्याच्या बरोबरीने वागवले होते. पुढच्याच वर्षी त्याची आणखी प्रचिती आली. १८१३ च्या मे महिन्यात बॉत्सेनच्या लढाईनंतर अडीच हजारांवर तरुण सैनिक हाताला जखमा घेऊन आले. लढाई टाळण्यासाठी त्यांनी स्वतःच गोळ्या मारून घेतल्या, असा वरिष्ठांना संशय होता. त्याची शिक्षा मृत्यूही असू शकली असती. चौकशी लारेकडे आली. त्याने एकेक जखम तपासली. नवशिके सैनिक ओळींत उभे राहून, चढावर चाल करताना गोळीबार करत होते. मागच्या ओळीच्या बंदुका पुढच्यांच्या हातांजवळून सुटत होत्या. अशा वेळी हातांना जखमा होणारच, असा निष्कर्ष त्याने दिला आणि सर्वांना निर्दोष ठरवले. सम्राटाला हवे तेच सांगायचे असते तर ते सोपे होते. नेपोलियनने मात्र त्याचा अहवाल मानला आणि त्याला वार्षिक मानधन दिले.

वॉटर्लू: नशीब आणि नियम

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला लारे नेहमीप्रमाणे आघाडीजवळ होता. इंग्रज सेनापती वेलिंग्टनने त्याला दुर्बिणीतून जखमी उचलताना पाहिले, त्या दिशेने गोळीबार न करण्यास सांगितले आणि टोपी काढून त्याला मान दिला, अशी कथा सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, त्याच रात्री जे घडले ते फार वेगळे होते. माघारीत प्रशियन घोडेस्वारांनी त्याला गाठले. तलवारीचा वार डोक्यावर बसून तो बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर तो निसटला, पण पुन्हा पकडला गेला. अंगावरच्या कोटामुळे आणि चेहऱ्यामोहऱ्यामुळे त्यांना तो नेपोलियनच वाटला. तो नेपोलियन नाही हे कळल्यावर त्याला गोळी घालण्याचा हुकूम झाला. डोळ्यांवर पट्टी बांधायला जो प्रशियन सर्जन आला त्याने त्याला ओळखले. त्याने बर्लिनमध्ये लारेची व्याख्याने ऐकली होती. त्याला सेनापती ब्ल्यूखरपुढे नेण्यात आले. ब्ल्यूखरच्या मुलावर पूर्वी तो जखमी होऊन फ्रेंचांच्या ताब्यात असताना लारेनेच उपचार केले होते. लारे सुटला.

गोष्ट म्हणून ही फार छान आहे. पण रुग्णसेवा करणाऱ्याच्या सुरक्षिततेचा मार्ग म्हणून पाहिली तर भयंकर आहे. शेकडो सर्जनांपैकी किती जणांचे विद्यार्थी शत्रूच्या सैन्यात असणार? किती जणांनी शत्रूच्या सेनापतीचा मुलगा वाचवलेला असणार? लारेला त्याची कीर्ती उपयोगी पडली. तितकेच चांगले काम करणारा, पण नाव नसलेला मदतनीस तिथे असता तर मारला गेला असता.

म्हणूनच सुरक्षितता एखाद्याच्या ओळखीवर ठेवून चालत नाही, ती नियमाने द्यावी लागते. पर्सीने १८०० साली दोन्ही सैन्यांनी रुग्णालये तटस्थ मानावीत असा प्रस्ताव तयार केला होता. ऑस्ट्रियन सेनापतीने तो नाकारला. १८५९ मध्ये सॉल्फेरिनोच्या रणांगणावर पडलेले जखमी पाहून आंरी द्युनां या स्विस व्यापाऱ्याने हाच विषय पुन्हा हाती घेतला आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. जखमी, रुग्णवाहिका आणि त्यांवरची माणसे यांच्यावर हल्ला करायचा नाही हे राष्ट्रांनी लिहून मान्य केले. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस ही त्याची खूण ठरली. बेरेझिनाच्या पुलावर लारेच्या नावाने जे केले, ते काम आता एक खूण कोणत्याही अनोळखी सेवकासाठी करू शकणार होती.

उतारवयातली एक कसोटी

नेपोलियन गेल्यावर लारेची पदे आणि मानधन गेले. काही वर्षांनी मानधन परत मिळाले. सेंट हेलेना बेटावर नेपोलियन वारला तेव्हा त्याने मृत्युपत्रात लारेसाठी एक लाख फ्रँक ठेवले होते, आणि आपल्याला भेटलेल्या माणसांत हा सर्वांत सद्गुणी असल्याचे लिहून ठेवले होते.

जुलै १८३० मध्ये पॅरिसमध्ये पुन्हा उठाव झाला. लारे तेव्हा ग्रो-काय्यू या लष्करी रुग्णालयात मुख्य सर्जन होता. राजाच्या रक्षकदलाचे जखमी सैनिक तिथे दाखल होते. त्यांच्यावर सूड उगवायला हत्यारबंद जमाव रुग्णालयावर आला. चौसष्ट वर्षांचा लारे दारात जाऊन उभा राहिला. हे माझे रुग्ण आहेत, त्यांना हात लावता येणार नाही, असे त्याने जमावाला सुनावले. जमाव परत गेला.

१८४२ मध्ये तो अल्जीरियातल्या लष्करी रुग्णालयांची पाहणी करायला गेला. परतताना वाटेत आजारी पडला आणि २५ जुलै १८४२ रोजी लिओं शहरात वारला. त्याची पत्नी शार्लोत, जी स्वतः चित्रकार होती, तीनच दिवस आधी गेली होती. मुलगा इपोलित पुढे नामवंत सर्जन झाला. लारेचे अवशेष १९९२ मध्ये पॅरिसच्या ॲन्व्हालीद इथे, नेपोलियनच्या समाधीच्या आवारात, हलवण्यात आले.

आजच्या गाडीत लारे

आपल्याकडेही हा प्रश्न जुना आहे. १८९९-१९०२ च्या बोअर युद्धात गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत सुमारे ११०० भारतीयांचे रुग्णसेवा पथक उभारले. गोळीबाराच्या टप्प्याबाहेर राहून काम करायचे, असे त्यांचे ठरले होते. स्पिऑन कोपच्या लढाईत हानी इतकी झाली की टप्प्याच्या आत येण्याची सक्ती नाही, पण आलात तर उपकार होतील, असा निरोप लष्कराने पाठवला. पथक आत गेले. सक्ती नसताना विचार करून घेतलेला धोका आणि चुकून ओढवलेला धोका यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो.

आजचे प्रशिक्षण याच फरकावर उभे आहे. हिंसेच्या ठिकाणाचे मनातल्या मनात तीन भाग करतात. जिथे हल्लेखोर अजून आहे तो पहिला भाग. तिथे वैद्यकीय पथक जात नाही. जिथून तो हटला आहे पण परत येऊ शकतो तो दुसरा; तिथे पोलिसांच्या संरक्षणात जायचे, वाहते रक्त पट्ट्याने आवळून थांबवायचे आणि रुग्णाला बाहेर काढायचे. बाकीचे उपचार तिसऱ्या, सुरक्षित भागात. गोळीबार चालू असताना काय करायचे आणि थांबल्यावर काय करायचे याची अशी विभागणी लष्करी वैद्यकाने १९९० च्या दशकात नीट लिहून काढली आणि नंतर ती नागरी सेवांतही आली.

बाकीचे नियम साधे वाटतात, पण जीव वाचवतात. गाडी नेहमी बाहेर निघण्याच्या दिशेने तोंड करून लावायची, चावी चालकाजवळ ठेवायची. घरात शिरताना दाराच्या समोर न उभे राहता बाजूला उभे राहायचे. दोघांनी एकमेकांच्या नजरेआड जायचे नाही. खोलीत गेल्यावर आपण आणि दार यांच्यामध्ये कुणाला येऊ द्यायचे नाही. स्वयंपाकघरात सुऱ्या हाताशी असतात, तेव्हा भांडणातल्या माणसाला शक्यतो तिथे बसवायचे नाही. हत्यार दिसले की सामान तिथेच टाकून मागे फिरायचे. पिशवी पुन्हा मिळते. आणि कुणाची बाजू चुकली यावर एक शब्दही बोलायचा नाही. हा शेवटचा नियम थेट लारेचा आहे. मारणारा आणि मार खाणारा दोघेही जखमी असतील तर क्रम जखमेवरून ठरतो. पथक तटस्थ आहे हे लोकांना दिसले तर त्याला वाट मिळते.

महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतल्या माणसांवर आणि संस्थांवर होणाऱ्या हिंसेविरुद्ध २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. कायदा हल्ल्यानंतर उपयोगी पडतो. चौकातल्या त्या पाच-दहा मिनिटांत मात्र उपयोगी पडतो तो फोन करणारा माणूस. मारामारीची खबर देताना एवढे सांगा: किती जण जखमी आहेत, हल्ला करणारा तिथेच आहे की पळाला, त्याच्या हातात काय होते, आत यायला कोणता रस्ता मोकळा आहे. ११२ वर पोलिसांनाही कळवा. पोलीस जितक्या लवकर पोहोचतील तितकी ती थांबलेली गाडी लवकर आत येईल.

तोवर, तुमच्या स्वतःच्या जिवाला धोका नसेल तर, वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबा. कापड भिजले तरी काढून पाहू नका, त्यावर दुसरे ठेवा आणि दाब सोडू नका. अंगात रुतलेला चाकू ओढून काढू नका. जखमीला पाणी पाजू नका. आणि गाडी आली की तिच्यापुढची गर्दी हटवून तिला परत बाहेर पडायला वाट मोकळी ठेवा.